गावंडे काकांचं पथ्य

गावंडे काका घरी आलेल्या माणसाला चहा विचारत नाहीत. ते दार उघडतात, तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "कालचं पचलं का जी?"

यावर बहुतेक माणसं गडबडतात. आपण पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला गेलेलो असतो आणि एकदम आदल्या दिवशीच्या भेंडीची जबाबदारी अंगावर येते. "पचलं असेल की," असं मोघम उत्तर दिलं, तर उलटतपासणी सुरू होते. ढेकर आला का? कसा आला, शुद्ध की आंबट? अंग हलकं वाटतंय का? सकाळी उठल्यावर भूक होती, की घड्याळ बघून खाल्लंत? उत्तरं पसंत पडली नाहीत तर चहाऐवजी सुंठेचं गरम पाणी मिळतं आणि ते संपेपर्यंत उठता येत नाही. पाहुण्याला चहा न देण्याची कारणं आम्हा पुणेकरांकडे पुष्कळ आहेत. पण त्यांना थेट आयुर्वेदाचा आधार देणारा माणूस यवतमाळहून यावा लागला, याची मला कोथरूडकर म्हणून थोडी लाज वाटते.

काका आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. वय अडुसष्ट. सगळा जन्म बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेला आणि हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. मुलाची नोकरी पुण्यात, म्हणून मुलाने दोघांना इकडे आणलं. मुलगा सकाळी लॅपटॉप घेऊन जातो आणि संध्याकाळी आला की त्याच लॅपटॉपशी बोलत बसतो. त्यामुळे दिवसभर घरात दोघंच, काका आणि काकू.

आयुर्वेदाचं हे सगळं काकूंमुळे आलं. पुण्यात आल्यावर दोन-तीन महिन्यांत काकूंची भूक गेली. दोन घास खाल्ले की ताट बाजूला. बांगड्या मनगटावरून निघून थेट कोपराकडे धावायला लागल्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट इतके चांगले होते की त्यांनी ते कौतुकाने दोनदा पाहिले आणि म्हणाले, "काही नाही, वय झालं."

काकांना हे अजिबात पटलं नाही. "वय झालं म्हणून गाडी उभी नाही करत जी," ते मला म्हणाले. "बिघाड शोधा लागते. सापडत नसंल तं पुन्हा शोधा लागते."

मग ते बस पकडून अप्पा बळवंत चौकात गेले, आयुर्वेदाचं एक जाडजूड मराठी पुस्तक घेऊन आले आणि नव्या इंजिनाचं मॅन्युअल वाचावं तसं ते पहिल्या पानापासून वाचायला बसले. औषध मात्र कधी कुणाला दिलं नाही. "औषध वैद्यानं द्यावं. मी फक्त पथ्य सांगतो," असं ते म्हणतात. हे ऐकायला फार नम्र वाटतं. ज्यांनी त्यांचं पथ्य पाळलं आहे त्यांना विचारा.

मला त्यांनी आयुर्वेद जिन्यात उभं राहून शिकवला. माझ्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या.

"हे पाहा साहेब. गाडीत जे जे हलते, ते सारं वात. टायरातली हवा, ब्रेकातली हवा, चाकाचं फिरणं. इंजिनात जे पेटते ते पित्त. आन् जे ग्रीस-ऑइल साऱ्याले धरून ठेवते, घासू देत नाही, तो कफ. तिन्ही पायजेतच. लोकं म्हणतात, मले पित्त झालं. अरे, पित्त झालं म्हणून तं तू जित्ता हाय! इंजिन काढून फेकतं का? जास्त झालं तं गाडी तापते, कमी झालं तं घाटात उभी राहते. इतकंच."

"आणि तो अग्नी?" मी विचारलं. पिशव्या ठिबकायला लागल्या होत्या.

"डिझल जाळते तो अग्नी. डिझल एक नंबरचं टाकलं आन् जळलंच नाही, तं काय होईन? काजळी. तिले शास्त्रात आम म्हणतात. साऱ्या रोगाची माय ती."

पुढे कुतूहलापोटी मी त्यांचं ते पुस्तक चाळलं. आत साधारण हेच होतं, फक्त डिझेल नव्हतं.

प्रत्येक गाडीची बनावट वेगळी, तशी प्रत्येक माणसाची प्रकृती वेगळी. म्हणून काकांनी महिनाभरात अख्ख्या सोसायटीची वर्गवारी करून टाकली. चेअरमन दातार पित्त: टक्कल लवकर, राग लवकर, भूक लागली की घरचे पळतात. सेक्रेटरी बोडसबाई वात: दोन-दोन पायऱ्या एकदम चढतात, एका श्वासात तीन विषय काढतात आणि चौथ्यावर निघून जातात. माझ्याकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि मायेने म्हणाले, "तुम्ही म्हंजे ग्रीसचा डबा जी." मी चिडणार होतो, पण तेवढ्यात आमची मेधा आतून म्हणाली, "अगदी बरोबर!" एकवीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याबद्दलचं कुठलंच मत इतक्या तत्परतेने उचलून धरलेलं मला आठवत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण मग काकांनी शिकरणीला हात घातला.

पुस्तकात विरुद्ध आहाराचं एक प्रकरण आहे. कोणते पदार्थ एकमेकांत घालून खाऊ नयेत, त्याची यादी आहे आणि त्या यादीत दूध आणि केळं आहे. काकांनी हे सोसायटीच्या वार्षिक सभेत, 'आयत्या वेळचे विषय' पुकारल्यावर, उभं राहून जाहीर केलं. सभेत अशी शांतता पसरली की वरच्या मजल्यावरच्या मिक्सरचा आवाज ऐकू आला. कोथरूडमध्ये शिकरणीला विषाच्या पंगतीत बसवणं म्हणजे काय, याची त्या भल्या माणसाला कल्पनाच नव्हती. दातार उभे राहिले. "माझे वडील ब्याण्णव वर्षं जगले. रोज शिकरण खाऊन."

"नसती खाल्ली तं शंभर जगले असते," काका शांतपणे म्हणाले.

दुसरा वाद दुपारच्या झोपेचा. दिवसा झोपल्याने कफ वाढतो. उन्हाळा सोडून इतर ऋतूंत निरोग्यांनी दुपारी झोपू नये. हे काकांना ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी दुपारी सव्वादोन वाजता त्यांनी दातारांची बेल वाजवली. दातार गजर झाल्यासारखे बाहेर आले. "झोपले नव्हते ना?" काकांनी काळजीने विचारलं. दुसऱ्या दिवशी दातारांच्या दारावर पाटी लागली: 'दुपारी एक ते चार प्रकृतीची चौकशी करू नये.' काकांनी ती नीट वाचली आणि एकला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजवली.

आता तुम्ही म्हणाल, भूक गेली काकूंची, मग हा माणूस आमच्या मागे का? मीही एकदा वैतागून हेच विचारलं. त्या दिवशी त्यांनी मला जेवणाआधी आल्याचा तुकडा सैंधव लावून चावायला दिला होता. गेले आठ दिवस देत होते.

काका जरा ओशाळले. "तिले डायरेक्ट कसं देऊ जी? वर्कशॉपमधून गाडी निघाली का आधी ट्रायल घ्या लागते. पॅसेंजर नंतर बसवायचे."

म्हणजे आम्ही ट्रायल होतो. आलं-सैंधव माझ्यावर, जिऱ्याचं ताक दातारांवर, हिंगाष्टकाचा पहिला घास बोडसबाईंवर. आणि सांगायला वाईट वाटतं, पण सगळ्या ट्रायल यशस्वी झाल्या. माझी भूक दुप्पट झाली. ऑफिसात माझा डबा अकरालाच संपायला लागला आणि मी लोकांच्या डब्यांभोवती घुटमळायला लागलो. दातार संध्याकाळी सहाला जेवायला मागायचे आणि आठला पुन्हा. बोडसबाईंना दोन नवे ड्रेस शिवावे लागले. सगळ्या सोसायटीचा अग्नी धडाडून पेटला होता. फक्त समोरच्या फ्लॅटमध्ये काकू दोन घास खाऊन ताट बाजूला सारत होत्या.

काका रोज मला आकडा सांगायचे. "आज चार घास." "आज अडीच." अडीच सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा की मी सुंठेचं पाणी न मागता प्यायचो.

मग एका रविवारी मेधा दुपारी त्यांच्याकडे कोशिंबीर द्यायला गेली आणि पाच मिनिटांत परत आली ती डोळे विस्फारून.

"अहो, तुम्ही कधी काकूंना जेवताना पाहिलंय?"

"नाही. का?"

"त्या पूर्वेला तोंड करून पाटावर बसतात. काका समोर स्टुलावर. मांडीवर ते पुस्तक, हातात घड्याळ. टीव्ही बंद, फोन बंद, बोलायचं नाही, हसायचं नाही. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा आणि काका ओठ हलवत मोजतात. पुढ्यात मुगाची खिचडी, तीही बिनतिखटाची. गिळला की 'शाब्बास' म्हणतात. माझी जेवायची इच्छाच गेली हो!"

"आणि काका स्वतः कधी जेवतात?"

"अकरा वाजता उरकून घेतात. मग म्हणे पूर्ण लक्ष देता येतं."

मेधाच्या माहेरच्या ओळखीच्या एक वैद्यबाई बिबवेवाडीत आहेत. पंचाहत्तरीच्या, बारीक, आवाज मात्र खणखणीत. काका यायला लगेच तयार झाले. चार पानं भरून तक्ता केला होता: तारीख, वेळ, घास, पाणी, ढेकर, शेरा. मी गाडी चालवत होतो. काका शेजारी बसून दर सिग्नलला माझा क्लच तपासत होते. मागे मेधा आणि काकू. काकू सगळा रस्ता खिडकीतून बाहेर बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

वैद्यबाईंनी काकूंची नाडी बघितली, जीभ बघितली, रिपोर्ट बघितले, झोपेचं विचारलं. काकांनी तक्ता पुढे केला. बाईंनी तो एकदाही न उलटता टेबलावर पालथा ठेवला.

"गावंडे, यांना मी काही पथ्य देत नाही," त्या म्हणाल्या. "पथ्य तुम्हाला आहे."

"मले? माझा अग्नी तं एकदम..."

"तुम्ही यांच्या जेवणाच्या वेळी घरात थांबायचं नाही. यांच्या ताटाकडे बघायचं नाही. किती खाल्लं ते विचारायचं नाही. आणि यांना जन्मभर जे खायची सवय आहे, ते त्यांना खाऊ द्यायचं. सवयीचं अन्न अंगाला मानवतं, त्याला सात्म्य म्हणतात. तुमच्या पुस्तकात असेल."

"हाय जी," काका हळूच म्हणाले. "पण जेवताना बोलू नाही, हसू नाही, हेही लिहिलं हाय ना बाई?"

"लिहिलंय. चिंता करत, भीत भीत खाल्लेलं चांगलं अन्नसुद्धा पचत नाही, तेही लिहिलंय. ते पान नाही वाचलंत?"

"वाचलं. पण तिले भीती कायची?"

तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, वैद्यबाईंकडे बघून.

"यायच्या तोंडाची जी. रिपोर्ट चांगले आले म्हणतात, आन् कोणी मेल्यासारखं तोंड करून समोर बसतात. मले वाटे, माझं काही तरी मोठंच निघालं असंल. डॉक्टरनं यायले सांगितलं असंल आन् हे मले सांगून नाही राहिले. मंग घास कसा उतरंन?"

काकांनी टेबलावरचा पालथा तक्ता उचलला आणि घडी घालून खिशात टाकला. वैद्यबाईंनी उगाच टेबलावरचं पेन सरळ केलं. मेधाने काकूंच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काकू, खरंच काही नाही निघालेलं. मी स्वतः वाचलेत रिपोर्ट." काकूंनी तिच्याकडे, मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. काकूंनी इतका लांब श्वास सोडला की मला माझीच लाज वाटली. दारासमोर दार होतं आमचं. घासांचा आकडा रोज ऐकत होतो, पण काकूंना कुणी काही विचारलं नव्हतं.

परत येताना मेधा आणि काकू भाजी घ्यायला उतरल्या. गाडीत आम्ही दोघंच उरलो. काका समोरच्या काचेकडे बघत म्हणाले,

"चाळीस वर्षं तिनं डबा भरला साहेब. पहाटेची शिफ्ट असो का दुपारची. मी उचलला आन् गेलो. ती काय खाते, कधी खाते, एक दिवस नाही पायलं. इथं येऊन पहिल्यांदा समोरासमोर बसून जेवलो. तवा दिसलं, ती दोनच घास खाते. मंग असं भेव लागलं ना मले... म्हटलं, हे आतापासून हाय का आधीपासूनच असंन? मले माहीतच नाही जी. गाडीचा आवाज बदलला तं मले झोपेत समजे. आन् घरात..."

घरी मेधाला बी.पी.ची कोणती गोळी चालू आहे, हे मला तरी कुठे माहीत होतं?

यवतमाळला काकू कशा जेवायच्या, ते मेधाने काढून घेतलं. डेपोच्या क्वार्टर्समध्ये गडीमाणसं कामाला गेली की ओळीतल्या चार-पाच बायका आपापली ताटं घेऊन व्हरांड्यात बसायच्या. कुणाची भाकर, कुणाची भाजी, आणि सगळ्यांच्या सासवांची यथेच्छ निंदा. "तवा चार भाकरी जायच्या," काकू म्हणाल्या. "समजतच नव्हतं."

आता सासवा राहिल्या नव्हत्या, पण चेअरमन होते. निंदेची सोय झाली. पुढच्या शनिवारी मेधा आणि बोडसबाई आपली ताटं घेऊन समोर गेल्या. काकूंनी स्वतःच्या हातांनी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. मला सुट्टी होती, म्हणून काकांना बाहेर जिन्यात धरून बसायचं काम माझ्याकडे आलं. काळजीपोटी त्यांनी त्या दिवशी अकराचं जेवणही केलं नव्हतं.

सोपं काम नव्हतं. पहिल्यांदा फोडणीचा वास आला. काकांनी नाक वर केलं. "साहेब, हे तं पार लाल मिरचीचं हाय. पित्त..."

"पथ्य," मी म्हणालो.

ते बसले. मग आतून खिदळण्याचा आवाज आला. बोडसबाई दातारांची नक्कल करत होत्या, हे आम्हाला भिंतीपलीकडून कळत होतं. काका उठले. "हसून राहिल्या! घास घशात असताना हसून राहिल्या जी! ठसका लागंन!"

"पथ्य, काका."

ते पुन्हा बसले. मग एक नवं हसू ऐकू आलं, जाडसर, खालच्या पट्टीतलं, थांबत थांबत येणारं. मी ते याआधी कधी ऐकलं नव्हतं. काकांनी माझा गुडघा घट्ट धरला आणि जवळजवळ दहा मिनिटं सोडला नाही. एवढ्या वेळात त्यांनी ना ढेकराची चौकशी केली, ना किती वाजले ते विचारलं.

शेवटी दार उघडलं. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. एका हातात कढई होती.

"अवो, तुमचं जेवायचं राहिलं ना," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "गप्पांत ध्यानातच नाही राहिलं. सारा रस्सा संपला. भाकरही नाही. काहीच उरलं नाही तुमच्यासाठी."

काकांनी त्यांच्या हातातून कढई घेतली. आत वाकून बघितलं. तळ भाकरीने पुसून घेतल्यासारखा स्वच्छ होता. मग ते कढई मांडीवर घेऊन पायरीवरच बसले आणि रडायला लागले. लपवायचा वगैरे काही प्रयत्न नाही, खांदे हलवत, नाक ओढत, सरळ रडायला लागले. दारात मेधा आणि बोडसबाई उभ्या होत्या. बोडसबाई हातातलं ताट घेऊन पटकन आत वळल्या. मीही जिन्याच्या कठड्याकडे तोंड केलं.

काकू घाबरल्याच. खाली बसून त्यांनी काकांच्या दंडाला हात लावला.

"अवो, भूक लागली तं सांगा लागते ना! लहान लेकरावानी रडता काय? चला आत. दहा मिनिटांत खिचडी टाकते."

काकांनी शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. कढई काही सोडली नाही.

"टाक," ते म्हणाले. "पण थोडीशीच टाक. मले आज भूक नाही."